लाल गाडीचे सात पाटे

१७ नोव्हेंबर १९४६, रविवार
कँपातला कॅप्टन विलायतेस परतला. त्याची दोन सीटांची लाल स्पोर्ट्स गाडी आता माझी. पुण्याच्या साप्ताहिकाच्या नगर बातमीदाराला वेग हवाच. (बातमी आठवड्यातून एकदा जाते, हा मुद्दा गौण.)
सौ. मुक्ताबाईंना घेऊन दिल्ली दरवाजापर्यंत गेलो. वळणावर गाडी अशी कलली की सौ. भर बाजारात माझ्या अंगावर कोसळल्या. बावीस वर्षांच्या संसारात प्रथमच. पानवाला खोकला. सौ. उतरल्या, पदर सावरला, चालत घरी गेल्या.
दोष गाडीचा.

१८ नोव्हेंबर
सौ. म्हणाल्या, त्या डबड्यात मी पुन्हा बसायची नाही.
१२ डिसेंबरला बेलापूरला त्यांच्या भाचीचं लग्न. वधूपिता सहादेवराव, माझे मेव्हणे. दर कार्याला मला उशीर होतो म्हणून भेटले की विचारतात, शास्त्रीबुवा, टांगा मिळाला का?
संकल्प: मांडवापाशी आम्ही उभयता याच गाडीतून, शेजारी शेजारी बसून येणार.

२० नोव्हेंबर
सीटखाली कॅप्टनचं इंग्रजी मासिक सापडलं. 'सस्पेन्शन' कडक केलं की गाडी वळणावर कलत नाही. म्हणजे चाकांवरच्या पोलादी कमानी. यत्र यत्र काठिण्यं तत्र तत्र स्थैर्यम्! न्यायशास्त्र पढलेल्याला मेकॅनिक लागत नाही. फक्त लोहार लागतो.

२५ नोव्हेंबर
कमरुद्दीन मिस्त्रीची हयात टांग्यांच्या कमानींत गेली. गाडीखाली आडवा होऊन म्हणाला, कमानीत पाच पाटे हायेत, चांगले हायेत, कशाला हात लावताय पंडितजी? मी अर्धा तास काठिण्य आणि स्थैर्य यांची व्याप्ती समजावली. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या, सात घालतो, टांग्याला घालतो तसे.
अखेर पटलं त्याला.

१ डिसेंबर, सकाळी
विजय! वळणावर गाडी तसूभर कलली नाही.
सरळ रस्त्यावर मात्र दोनदा आकाशात गेलो. टोपी माळीवाड्याच्या वेशीपाशी राहिली, चष्मा थोडा पुढे.

२ डिसेंबर
सीटवर उशी बांधली. आता अधिक उंचीवरून पडतो.

५ डिसेंबर
कमरुद्दीनला जाब विचारला. हसला. म्हणे, टांग्यात सहा जणं बसत्यात. तुमी एकटे, त्यात हे असे वाळकुडे. कमान दबायला वजन नको व्हय? तीन पोती टाका, मंग बगा. पालखी हाय पालखी!
म्हणजे दोष माझ्या तर्कात नाही. वजनात आहे.

७ डिसेंबर
बटाट्याची तीन पोती. दोन सीटमागे, एक शेजारी, उपरण्यानं बांधलेलं. भिंगारपर्यंत जाऊन आलो. मखमल!
सौ.ना हाक मारली. दारातूनच म्हणाल्या, माझ्या जागी पोतं बसलंय तेच बरं, तुमचं व्याख्यान मुकाट ऐकेल.
ते काढून तुम्हाला बसवतो, म्हणालो, वजन साधारण तेवढंच भरेल.
उदाहरण चुकलं.

१० डिसेंबर
सौ. प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं पुढे गेल्या. काही बिघडत नाही. परतताना बसतील. भावाच्या देखत नाही कसं म्हणतील?

१२ डिसेंबर, दुपारी, बेलापूर
राहुरीच्या अलीकडे शेजारचं पोतं उसवलं. रस्ताभर बटाटे वेचत आलो. मुहूर्त टळला, अक्षता हुकल्या.
पण स्वागत अपूर्व! वऱ्हाड दुप्पट आलेलं, भाजी संपलेली. सहादेवराव धावत आले आणि त्यांनी पोत्यांना मिठी मारली. आचाऱ्यानं तिन्ही सोलायला घेतली. थांबा, ती गाडीची आहेत, असं मी ओरडलो. लोक पोट धरून हसले.
पंगतीत सहादेवराव म्हणाले, शास्त्रीबुवा, जन्मात एकदा वेळेवर आलात.
भाजी बरी होती.

१३ डिसेंबर
गाडी रिकामी. मेव्हण्यांच्या गोठ्यापर्यंत नेतानाच तीनदा आपटलो. सहादेवराव म्हणाले, दगड भरून देऊ का? सौ. म्हणाल्या, द्या, आणि यांना त्या दगडांबरोबरच धाडा.
गाडी गोठ्यात ठेवली. तूर्त. तिच्यात कोंबड्या बसल्या आहेत. वजन अपुरं.
सर्व्हिस मोटारीत चढलो तर सौ.नी शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली होती. मला पाहून ती उचलली.
कोल्हारच्या वळणावर मोटार अशी कलली की सौ. सबंध माझ्या अंगावर. भरल्या मोटारीत. कुणी खोकलं नाही.
या मोटारीच्या कमानी साफ ढिल्या आहेत. ड्रायव्हरला सांगायला तोंड उघडलं. सौ.नी माझा दंड धरलेलाच होता. म्हणाल्या, गप बसा हो.
सबब सूचना राहून गेली.