गुडघ्याखालचं प्लास्टिक

४ जून, बुध.
टाके निघून दोन महिने झाले. आज नामपल्लीच्या वर्कशॉपमध्ये कृत्रिम पायाचं माप. गुडघ्याखाली उजवा पाय वीतभर उरलाय. त्यावर प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळली. गुंडाळणारे रज्जाकभाई, साठीचे, कमी बोलणारे. "मॅडम, हिलो नक्को. तुम हिले तो मेरा पाव टेढा." मेरा! हसू आलं. अपघातानंतर पहिल्यांदाच बहुतेक.

७ जून, शनि.
प्राचार्यांचा फोन. पंधरा वर्षं केमिस्ट्री शिकवतेय, आता म्हणे ऑफिसात बसा. लॅब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हेमंत म्हणाला, "घे ना ते काम, नवऱ्याचं ऐक एकदा."

१० जून
आज समोर बसून पाहिलं. पॉलिप्रॉपिलीनची शीट, दुधासारखी पांढरी. ओव्हनमध्ये ठेवली, हळूहळू पांढरेपणा गेला, आरपार काच! गार असताना साखळ्या दाटीने रचलेल्या, तापल्या की सुटतात, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं. पाहिलं कधी नव्हतं. रज्जाकभाई घड्याळ बघत नाहीत. "कांच दिखी तो माल तयार." मग ती लवलवती शीट माझ्या पायाच्या साच्यावर ओढली, मागे कडा चिमटल्या, पंपाने आतली हवा खेचली. चापूनचोपून बसली, उरलेला पाय बसायची खोबण झाली. सगळं काही सेकंदांत. काय हात आहे! घाईने गार करायचं नाही, आखडतं. उद्यापर्यंत तसंच.

१६ जून
उभी राहिले. दोन दांड्यांमधून सहा पावलं. घरी येऊन बघते तर नडगीच्या हाडावर फोड.

१८ जून
वाटलं, रज्जाकभाई म्हणतील सवय होईल. चष्मा वर करून बघितलं, "गलती मेरी है. हड्डी कू जगा नै छोडा." गरम हवेच्या यंत्राने तेवढीच जागा तापवली, आतून लाकडी गोळ्याने ढकलली. रुपयाएवढं प्लास्टिक काच झालं, पुन्हा दूध झालं. थर्मोप्लास्टिक म्हणजे हे. तापवलं की पुन्हा ऐकतं.
पण बोट फिरवून म्हणाले, "पतला पड गया. फटेंगा." आणि करवतीने सबंध खोबण कापून टाकली! मी ओरडलेच.
"फिरसे बनातूं. तुमकू दिनभर खडे रैना है ना?"
लॅबबद्दल बोलले असेन कधीतरी. आठवत नाही.

२६ जून
नवी खोबण. दोन तास चालले, फोड नाही. कडा इतक्या गुळगुळीत घासल्यात, हात फिरवत बसले. प्राचार्यांना फोन केला, म्हटलं लॅबच हवी.
"बघू, मॅडम. एकदा जिना चढून दाखवा."
राग आला. नंतर वाटलं, बरोबरच मागतायत.

२८ जून, शनि.
दुपारी हिमायतनगरला आमच्या कॉलेजात, रिकामं असताना. हेमंत दोन पायऱ्या मागे, हात पुढे, पण धरलं नाही. पहिला मजला गाठला. घाम, धडधड, खोबणीत काही टोचत नाही.
"आज एवढंच पुरे," हेमंत म्हणाला. वाद घातला नाही.
प्राचार्य सोमवारी नऊला येतात. वरच्या मजल्याच्या अजून सोळा पायऱ्या.