सत्तावीस तारखेपर्यंत थांबायचं

२० मे, बुधवार

छाती दुखायला लागली! सकाळी आशा सेविकेची नोंदवही नेहमीसारखी छातीशी धरली आणि कळच आली. मग वही काखेत मारून पोशीर गावभर घरोघरी हिंडले. पाळीला सात दिवस आहेत. दर महिन्याला दुखते, दर महिन्याला मी खुळ्यासारखी स्वप्नं बघते, आणि मग पाळी येते. चार वर्षं हेच.

पण या वेळी जरा जास्तच दुखतंय. खरंच.

२१ मे

गावातली समीक्षा दारात. लग्नाला जेमतेम तीन महिने. "आशाताई, छाती लई दुखते गं. दिवस राहिले असतील का?" घाबरलेली पोरगी, तिला इतक्यात नकोय. मी ट्रेनिंगमधलं धडाधड बोलले — पाळीआधी पण दुखते, दिवस गेल्यावर पण दुखते, नुसत्या दुखण्यावरून डॉक्टरलाही कळत नाही. तारीख चुकू दे, मग किट देते.

आणि माझा हात सारखा बॅगेतल्या किटकडे! लोका सांगे ब्रह्मज्ञान... नाही. सत्तावीस तारखेपर्यंत थांबायचं.

२४ मे, रविवार

आज बियाण्याचं काम. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मोठ्या टोपात पाण्यात मीठ विरघळवलं. बटाटा तरंगला की मीठ बरोबर! मग भाताचं बियाणं ओतलं. पोचट दाणे वर आले, ते मी ओंजळीने काढून टाकले. "फार वाकू नको गं," आई हळूच म्हणाल्या. कळलं की काय यांना? वही काखेत बघितली असणार. या बाईच्या नजरेतून काही सुटत नाही.

सुमितला, माझ्या नवऱ्याला, सुट्टी होती. सगळा वेळ गाडी पुसत बसला. माझ्या सगळ्या तपासण्या दोनदा झाल्यात — रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा फोटो. सगळं नॉर्मल. त्याची एकही नाही! गावातल्या बायकांना मी ठणकावून सांगते, दोघांची तपासणी करा. घरात विषय काढला की हा म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" झालं, संपलं बोलणं. माणूस वाईट नाही. खालापूरहून कंपनीतून येताना रोज माझ्यासाठी काहीतरी आणतो. जांभळं, नाहीतर वडापाव. पण या एका गोष्टीला तोंड शिवलेलं.

२५ मे

केलंच किट. एक रेघ.

मूर्ख बाई! दोन दिवस आधी कोण करतं? लवकर केलं म्हणून दुसरी दिसली नसेल. छाती तर अजून दुखतेय.

२७ मे

नाही आली!

२८ मे, गुरुवार

आजही नाही. बोटांवर मोजलं — फेब्रुवारी. थंडीतलं बाळ. आईंच्या जुन्या लुगड्याची दुपटी शिवायची.

समीक्षाची पाळी आली, पोरगी नाचत सांगायला आली. तिचं तिला लखलाभ.

संध्याकाळी सुमितच्या मागे गाडीवर बसले होते. "स्पीडब्रेकरला जरा हळू घे" म्हटलं. त्याने वळून बघितलं. पुढचे सगळे स्पीडब्रेकर मुंगीच्या पावलांनी घेतले. फार प्रेम आलं मला त्याचं.

उद्या सकाळी उठल्या उठल्या किट करणार.

२९ मे, शुक्रवार

पहाटे आली. किट हातातच राहिलं.

मोरीत नळ सोडून रडले. आईंना कळायचं ते कळलंच. बाहेर आले तर चहाचा कप पुढे केला, डोक्यावरून हात फिरवला. सुमित डबा घेऊन निघाला होता, त्याला हाक मारली.

"थांब रं. पीक नाय आलं की जमिनीलाच बोल लावायचा का? आमी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून बगतो. तुजं कुनी बगितलं?"

अगं बाई! मी भिंतीला चिकटलेच. सासू असं बोलते? सुमितचं तोंड लालेलाल. डबा ओट्यावर टाकून तसाच गेला, दिवसभर उपाशी राहिला असणार.

दुपारी गृहभेटींना गेले. वही छातीशी धरली, दुखलं नाही, आणि पुन्हा रडू आलं. मग "तुजं कुनी बगितलं" आठवलं आणि रस्त्यात एकटीच हसले. लोक म्हणाले असतील, आशाताईला झालंय काय!

सुमित रात्री मान खाली घालून जेवला. जांभळं मात्र आणली होती.

१ जून, सोमवार

सुमितने रजा टाकली. "चल," एवढंच म्हणाला आणि गाडी काढली. मला वाटलं, माझी तिसरी तपासणी. कर्जतच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवरच्या बाईने माझ्याकडे बघून विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी तोंड उघडणार तोच हा पुढे झाला.

"सुमित बुधाजी सोनावळे. वय एकतीस."