एकशेचाळीस नको, शंभर

५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी सायकलची फ्रेम पोचली. खोक्यातून काढताना आई म्हणाली, वीस वर्षांची झाली तरी अंगाने कशी ताठ आहे. मी म्हटलं, आत्याचीच ना.

मार्चमधल्या डोंगरशर्यतीत नाव घातलंय. गेल्या वर्षी शेवटून दुसरी आले. वॉर्डातल्या बाकीच्या नर्स अजून चिडवतात. सायकलवाले म्हणतात, पुढचं चाक धरणारा फोर्क एकशेचाळीस मिलिमीटर दबणारा घाल, उतारावरचे दगडगोटे कळणारसुद्धा नाहीत. मलाही पटलंय. फक्त तुझा होकार हवा. माया आहेच, ती पत्राने कळू दे.

तुझी भाची

१४ जानेवारी

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

होकार नाही. ती फ्रेम ऐंशीच्या फोर्कसाठी बनलेली आहे. एकशेचाळीसचा घातलास तर सायकल पुढून साठ मिलिमीटर उचलली जाईल. चढावर चाक भरकटेल, आणि हँडलखालच्या नळीच्या जोडावर पहारीने उचकटावं तसा ताण येईल. शंभरच्या वर जाऊ नकोस. नुसता आकडाही बघू नकोस. चाकाच्या आसापासून फोर्कच्या माथ्यापर्यंत टेप लावून मोज. कंपनी बदलली की ते अंतर बदलतं.

आता कधी न सांगितलेलं सांगते. माझी पहिली फ्रेम मी असाच लांब फोर्क घालून मोडली. घरी सांगितलं, खड्ड्यात पडले. तुझ्या बाबांनाही तेच ठाऊक आहे. मोडलेला खांदा जुळला, पण उताराला मन कचरलं. तुला दिलेली फ्रेम मी फक्त सपाटीवर फिरवली, म्हणून तिचे जोड शाबूत आहेत. त्यात माझं कौतुक काही नाही.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.

आत्या

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावले होते, खोटं कशाला बोलू. हट्टाने तो लांब फोर्क उसना लावून टेकडी चढायला गेले. दुसऱ्याच वळणावर पुढचं चाक उचललं गेलं आणि मी झुडपात. खरचटलं तेवढंच. घरी येऊन टेप काढली.

शंभरचा, जुन्या नळीत बसेलसा फोर्क शोधायला तीन दुकानं पालथी घातली. सायकलवाले विचारतात, एवढ्याशा फोर्कवर उतरणार कशा? मी म्हटलं, आधी वर तर पोचू दे.

तुझीच, गुडघे सोललेली

१६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बायकांत पहिली आले.

चढावर चाक रुळावर असल्यासारखं सरळ चाललं. अकरा जणींना मागे टाकलं. उतारावर मात्र दात खुळखुळले, एक जण पुढे निघून गेली, आणि मला तुझा खांदा आठवला. ब्रेकवर बोटं गेली होती. मग तुझ्या जोडांवर विश्वास टाकला आणि सायकल मोकळी सोडली. शेवटच्या वळणावर तिला गाठलं.

बाबांनी मला जवळ घेण्याआधी वाकून हँडलखालच्या जोडावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुझ्या आत्याची इथेच मोडलेली फ्रेम, लांब फोर्कसकट, भंगारात मीच दिली होती. ती सांगेल तेव्हा सांगेल म्हणून गप्प राहिलो."

तुझी, पहिली आलेली

२५ मार्च

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र उभ्यानेच वाचलं. दादाला सांग, एवढी वर्षं गप्प राहिल्याबद्दल त्याच्याशी भांडायला येतेय. काल शेजारणीची सायकल मागून घेतली आणि पाण्याच्या टाकीकडचा उतार उतरले. अर्धा उतार ब्रेक दाबून. उरलेला अर्धा, न दाबता.

आत्या