पंथ नव्हे, पंक

ती. दादास,

कांताचा सप्रेम जयभीम. वहिनीच्या गुडघ्याला आराम पडला असेल आणि टिटवाळ्याच्या तुमच्या नव्या इमारतीची लिफ्ट एकदाची चालू झाली असेल, अशी आशा आहे (झाली नसेल तर भाजी तू आण, तिला जिने उतरायला लावू नकोस). मी इथे कोपरीत मजेत आहे.

तुझी लेक पिंकी 'ख्राइस्ट पंथा'त गेली, असं तिनेच तुला फोनवर सांगितलं म्हणालास. आबांनी छप्पन साली दीक्षा घेतली ती नातीने असं करावं म्हणून का, असंही मलाच विचारलंस. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्या लोकांची भाषा मला कळते, तेव्हा मीच जाऊन बघायचं. नाहीतर तू रविवारी येऊन तिची नोकरी सोडवून तिला घरी नेणार. मुलगी माझ्याकडे राहते आणि मला पत्ता नाही, याची मला लाज वाटली. शनिवारी ती वागळे इस्टेटला जाते तो ओव्हरटाइम, अशी माझी समजूत होती.

मी मागोमाग गेले. (मोतिया रंगाची साडी नेसले होते. सिस्टर आग्नेस म्हणायच्या, प्रार्थनेला नीटनेटकं जावं.) एका बंद पडलेल्या छापखान्याचा पत्र्याचा गाळा. आत पिंकी, सिद्धेश नावाचा ड्रमवाला आणि गिटार घेतलेली कल्पिता. तिघांचे कपडे काळे, त्यावर जिथेतिथे ठिगळं, आणि ती ठिगळं दात साफ करायच्या दोऱ्याने शिवलेली! (तुटत नाही म्हणे. मी तुझ्या जुन्या पिशवीवर करून बघितलं, खरंच तुटत नाही.) मला वाटलं, गरिबीचं व्रत घेतलं असेल. मी हात जोडून विचारलं, प्रार्थना सुरू झाली का? सिद्धेश म्हणाला, "बसा आंटी, आत्ता होतेय," आणि झाली.

दादा, कसं सांगू? मिक्सरमध्ये सुकी चटणी आणि चमचा एकदमच फिरावा, तशी ती गिटार. ड्रम म्हणजे कोणीतरी सिलिंडर घेऊन जिन्यावरून धावत सुटलंय, आणि जिना काही संपत नाही. आणि आपली पिंकी, जी वंदनेलासुद्धा तोंडातल्या तोंडात पुटपुटते, तिच्या पोटातून असा काही आवाज निघाला की घशात काही अडकलं समजून मी धावले आणि तिच्या पाठीत दणका घातला. "आत्या, मी गातेय!" ती ओरडली. ते मात्र स्पष्ट ऐकू आलं.

मग उलगडा झाला. ख्राइस्ट नव्हे, क्रस्ट. पंथ नव्हे, पंक, म्हणजे विलायती आरडाओरडीचं गाणं. क्रस्ट म्हणजे पातेल्याच्या बुडाला लागते ती खरवड. संगीतही तसंच, जाड, करपलेलं, बुडाशी चिकटलेलं. गाणी कशावर, तर बॉम्बने राख झालेली गावं, नाल्यात सोडलेलं रसायन, पिंजऱ्यातल्या कोंबड्या. प्रेमाचं एकही नाही. मी म्हटलं, शब्द कळत नाहीत. सिद्धेश म्हणाला, "आंटी, ते कळायचे नसतातच." मग लिहिता कशाला रे, मी विचारलं. सिद्धेश ड्रमचा स्क्रू आवळायला लागला. तेव्हा मी पदर खोचला.

आम्हाला शाळेत मेणबत्तीसमोर उभं करून 'प' म्हणायला लावत, ज्योत हलली पाहिजे. तोच धडा मी त्यांना दिला. खुशाल गुरगुरा, पण शब्दाचं एकही अक्षर गिळायचं नाही. कल्पिता कुरकुरली, आंटीने आमची शाळा केली म्हणाली. केली. आता 'गटार'मधला 'ट' असा येतो की अंगावर काटा उभा राहतो.

गटाराचं गाणं मुद्दाम सांगतेय. ते तुझ्या जिवलग दोस्तावर, उत्तमवर आहे. मॅनहोलमध्ये उतरला तो वर आलाच नाही, हे तू पिंकीला एकदाच सांगितलंस, ती लहान असताना. तिने ते जपून ठेवलं. गाण्यात ती गॅस म्हणत नाही, अपघात म्हणत नाही. त्याला खाली उतरवणाऱ्यांना 'तुम्ही उतरा' एवढंच म्हणते, पुन्हा पुन्हा. तुझी मुलगी कुठे गेलेली नाही, दादा. आबा जलशात उभे राहून जे गायचे, त्याच्याच शेजारी ती उभी आहे, फक्त पेटीऐवजी मिक्सर. तिला इथून हलवायचं नाही. मी हलवू देणार नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
कांता

ता. क. : गाण्यात सध्या 'एक माणूस' एवढंच आहे. पिंकीला तिथे उत्तमचं नाव घ्यायचंय, पण तुला विचारायची हिंमत होत नाही. म्हणून मी विचारते. घेऊ का? तू 'नाही' म्हणालास तर ती घेणार नाही, हे तिचं म्हणणं. माझं तसं काही नाही.

आणखी ता. क. : हे फोनवर का नाही सांगितलं, असं वहिनी विचारेल. माझा आवाज पार गेलाय. 'तुम्ही उतरा' म्हणायला एक जाड आवाज कमी पडत होता. तेव्हा रविवारी मुलीला सोडवायला आलास, तर बहिणीलाही सोडवावं लागेल, आणि बहीण यायची नाही.