नट-बोल्टचं जर्मन

८ जानेवारी, रविवार

मास्तरने आज सगळ्यांसमोर माझी लाज काढली! ताईकडे अख्खं खानदान जमलेलं. मी सहज म्हटलं, जर्मन मलाही येतं — चौतीस वर्षं छापखान्यातली जर्मन यंत्रं दुरुस्त केली, त्यांची जाडजूड माहितीपुस्तकं मूळ भाषेत वाचून. तर हा माझा धाकटा भाऊ, कॉलेजात जर्मन शिकवून निवृत्त झालेला विद्वान, काय म्हणाला? "दादाचं जर्मन म्हणजे नट-बोल्टचं जर्मन. एक कादंबरी वाच म्हणावं!" सगळे हसले. आमची हीसुद्धा.

मीही सुनावलं — एक कशाला, या वर्षात दहा वाचतो. नाही जमलं तर पुढच्या जानेवारीत इथेच, सगळ्यांसमोर कबूल करीन की मला नट-बोल्टपलीकडे काही येत नाही. बोलून बसलो. आता माघार नाही.

१२ जानेवारी

मास्तरचं खोकं आलं. त्याच्याच कपाटातली दहा पुस्तकं. कुठलं आधी, कुठलं नंतर अशी यादीही आहे — भावजयीच्या अक्षरात. दहा नावं लिहायलासुद्धा बायको लागते! काय थाट आहे! वर हुकूम: दर रविवारी फोन करून प्रगती कळवायची.

१९ जानेवारी

पुस्तक पहिलं. माणूस खिडकीत उभा आहे. पहिल्या पानावर उभा, सव्विसाव्या पानावरही उभा. बाहेर झाड. झाडाबद्दल चार पानं. यालाच साहित्य म्हणतात म्हणे.

माझ्या पद्धतीने वही सुरू केली. दोष — नायक खिडकीतून हलत नाही. कारण — कामधंदा नाही. उपाय — नोकरी लावा. तपासलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण आणि सही. छापखान्याची सवय, जाते कुठे? ही म्हणाली, "अहो, ते पुस्तक आहे, मशीन नाही." म्हटलं, मशीन असतं तर एव्हाना सुरू झालं असतं!

२२ जानेवारी, रविवार

मास्तरला दोषांची यादी ऐकवली. हसला. ठसका लागेपर्यंत हसला. मग म्हणतो, "ते खिडकीचं पान वाच बघू. उच्चार ऐकू दे."

परीक्षा! थोरल्या भावाची तोंडी परीक्षा! वाचलं एक पान, दात-ओठ खात.

५ फेब्रुवारी, रविवार

पहिलं संपलं. शेवटी त्याने खिडकी लावून घेतली. दोनशे ऐंशी पानं!! मास्तरला म्हटलं, हे काम मी दोन मिनिटांत केलं असतं, वर बिजागरीला तेलही दिलं असतं.

१९ फेब्रुवारी, रविवार

दुसऱ्यात एक पोस्टमन डोंगर चढतोय आणि विचार करतोय. पत्रं पिशवीत तशीच. ज्यांची पत्रं आहेत ते बसलेत वाट बघत, त्यांचं कुणाला काही आहे का? लेखकाला तर नाहीच.

मास्तरला आता तीन पानं हवी असतात. चांगलं वाचलं म्हणत नाही, वाईट म्हणत नाही. नुसतं "हं. पुढे." म्हटलं, तुझे विद्यार्थी काय मेलेत? "ते परीक्षेपुरतं वाचायचे," म्हणाला.

५ मार्च, रविवार

बर्फाचा एक परिच्छेद मुद्दाम गाळला. कंटाळा आला होता. लगेच पलीकडून — "दादा, बर्फ गाळलास."

लबाड! दुसरी प्रत उघडी ठेवून बसलाय. बोट ठेवून ओळ न् ओळ तपासतोय माझी!

१२ मार्च

आज परत बर्फ. उपाय — फावडं.

१९ मार्च, रविवार

आज भडका उडाला. मास्तर म्हणाला, "आज पूर्ण प्रकरण वाच." सत्तावीस पानं! मी स्पष्ट सांगितलं — मी तुझ्या वर्गातला पोरगा नाही. दहा पुस्तकं संपवीन, पण मनात वाचून. परीक्षा बंद म्हणजे बंद. रविवारचा फोनही बंद.

वाटलं, भांडेल. तो "बरं," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. जिंकलो की! ही म्हणते, मग तोंड का पाडून बसलात?

२३ मार्च

दुपारी भावजयीचा फोन. मास्तर फिरायला गेला होता, तेवढ्यात चोरून केलेला.

"दादा, त्यांना नोव्हेंबरपासून वाचता येत नाही. माणसं दिसतात, वाट दिसते, अक्षर दिसत नाही. उपाय नाही म्हणाले डॉक्टर. मला जर्मन येत नाही. घराण्यात तुमच्याशिवाय कुणालाच येत नाही. ताईंकडे त्यांनी मुद्दाम डिवचलं तुम्हाला. म्हणाले, दादाला कळलं तर कीव करत वाचील, ते मला ऐकवणार नाही. भांडत वाचलेलं चालेल. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका हं. रविवारपासून जेवणावर लक्ष नाही त्यांचं."

दुसरी प्रत नव्हतीच. त्याला तो बर्फ पाठ होता.

रडलो. राग आला, तो माझाच.

२६ मार्च, रविवार

फोन केला. म्हटलं, परीक्षा बंद ती बंदच. पण तुझा हा पोस्टमन किती मोठा गाढव आहे त्याचा पुरावा तुला ऐकावा लागेल. सगळा. पहिल्या पानापासून.

"बरं," म्हणाला मास्तर.

दीड तास वाचलं. बर्फ गाळला नाही.