शाहिंदाला कुणी ‘नाही’ म्हणेना

चि. सौ. इन्शिराहला फिक्रीदादाचे, दोन्ही गुडघे वगळून उरलेल्या सर्वांगाचे, आशीर्वाद.

तुझी साखर आटोक्यात आहे ना? मेव्हण्यांनी सिगारेट सोडल्याचं तू कळवलंस. (त्यांनी स्वतः कळवलेलं नाही, म्हणून विचारतो: खरंच का?) झगाझिगच्या तुझ्या सासरच्या सगळ्या मंडळींना सलाम सांग. दुम्यातमध्ये आम्ही देवाच्या दयेने ठीक आहोत, आणि हे पत्र काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर दादाचं पत्र म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो.

आपल्या शाहिंदाचं थोडंफार तुझ्या कानावर आलंच असेल. मगदा आणि जावई कुवेतला नोकरीवर, म्हणून नात माझ्यापाशी. वय पंधरा. वसंतात एकदा वर्गात तिने तीन मुलींना विचारलं, “मी इथे बसू?” त्यातली एक म्हणाली, “नाही, जागा धरलीय.” झालं, एवढंच! पोर घरी आली ती परत शाळेत गेलीच नाही. कुणाकडे काही मागणं बंद. जेवताना माझ्याकडेसुद्धा मीठ मागेना, घेवड्याची अळणी उसळ गिळून उठायची. मी म्हटलं दृष्ट लागली, म्हणून घरभर ऊद जाळला, तर तिला खोकला झाला. आणि शाळेने सांगितलेलं, सुट्टीनंतर आली नाही तर नाव काढू. माझा जीव टांगणीला लागला होता, इन्शिराह. हसवतोय खरा, पण रात्र रात्र डोळा लागत नव्हता.

शेवटी तिला डॉक्टर रागियांकडे नेलं. (वयाने इतक्या लहान की मी आधी त्यांनाच विचारलं, “बाळ, डॉक्टरीणबाई कुठायत?”) त्या म्हणाल्या, त्या मुलीने फक्त ‘जागा धरलीय’ म्हटलं. ‘तू कुणालाच नकोस’ हे वाक्य शाहिंदाने स्वतःच्या मनाने त्याला जोडलं. घडलेली गोष्ट वेगळी, मनातला विचार वेगळा, आणि जोड उचकटायचा आहे. जन्मभर लाकूड जोडत आलेल्या माणसाला हे पटायला कितीसा वेळ लागणार? पण जोड नुसता बोलून उचकटत नाही म्हणे, करावं लागतं. म्हणून अभ्यास दिला: रोज कुणाकडे तरी काहीतरी असं अचाट मागायचं की समोरच्याने नकार दिलाच पाहिजे. नकार ऐकायचा, तिथेच उभं राहायचं, आणि आभाळ कोसळतं का ते पाहायचं. दर नकाराला बक्षीस म्हणून जिलबीसारखं पाकातलं मुशब्बक.

आता गंमत बघ. सगळा मिसर देश आपल्या दुम्यातवाल्यांना कवडीचुंबक म्हणतो. आपण पाहुण्याला “जेवणार, की हलक्या पोटी झोपणार?” असं विचारतो, ही चेष्टा ऐकत आपण म्हातारे झालो. (तुझ्या सासरच्यांचं बरं आहे, त्यांनी अख्खी आगगाडी जेवायला बोलावली म्हणून नाव कमावलं.) मी म्हटलं, नकार मिळवायला दुम्यातसारखं दुसरं गाव नाही! पोरगी मिठाईवाल्या अबू झिक्रीकडे गेली आणि अर्धा किलो मुशब्बक फुकट मागितलं. त्याने एक किलो बांधलं. न्हाव्याला म्हणाली, “मला मोटरसायकलवरून रास-अल-बरला समुद्रावर न्या,” तर तो गिऱ्हाईकाची अर्धी दाढी तशीच ठेवून चपला शोधायला लागला. चीजवाल्या नबवियाकडे तर तिने नबवियाच्याच कानातली कर्णफुलं मागितली. नबविया म्हणाली, “अगं, एवढंच ना?” आणि काढायलाच लागली. शाहिंदा कशीबशी सुटून रडत घरी आली. “आजोबा, सगळ्यांना माझी कीव येते. माझ्यात काहीतरी खोट आहे, म्हणूनच देतात.” बघ, देणाऱ्याच्या वाक्यालाही तिने आपलं शेपूट जोडलंच.

मग मी गुपचूप दुकानोदुकानी फिरलो, हात जोडून म्हटलं, पोरीला नाही म्हणा रे. लोक खवळले! अबू झिक्री म्हणाला, “वा फिक्रीशेठ, म्हणजे कैरोवाले हसतात ते खरं करून दाखवू?” नबविया तेवढी कशीबशी तयार झाली. आरशासमोर तालीम केली म्हणे. दुसऱ्या दिवशी शाहिंदाने कर्णफुलं मागताच ती “नाही!” असं गरजली की गिऱ्हाइकं दचकली, आणि लगेच स्वतःच हुंदके देत कर्णफुलं पोरीच्या कानात खुपसायला धावली. शाहिंदाने तिचे हात घट्ट धरले. “नाही, मावशी! तू नाही म्हणालीस ना? मग माझा नकार मला दे. परत घ्यायचा नाही!” आणि दोघी हसत सुटल्या. मी पाण्याच्या रांजणाआड उभा होतो. रडलो, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

काल ती एकटी शाळेत जाऊन आली. मुख्याध्यापिकांकडे खिडकीजवळचा बाक मागितला. त्यांनी मान वर न करता “नाही” म्हटलं. पोर पळत घरी आली, “आजोबा, नाही म्हणाल्या! आणि मी तिथेच उभी राहिले, मग दुसरा बाक विचारला!” मी गल्लीत मुशब्बक वाटलं. लोक विचारत, काय आनंदाची बातमी? मी सांगत होतो, नाही म्हणाल्या!

सगळ्यांना आशीर्वाद.
तुझा फिक्रीदादा

ता. क. शनिवारी शाळा उघडते. मी तिला म्हटलं, फाटकापर्यंत सोडायला येतो. ती म्हणाली, “नाही, आजोबा.” प्रेमाने म्हणाली, खांद्यावर हात ठेवला आणि गणवेशाला इस्त्री करायला गेली. डॉक्टरीणबाई म्हणतात ते खरं असणार, आभाळ कोसळलेलं नाही. पण मी तेव्हापासून काही खाल्लेलं नाही. तर एक काम कर. शनिवारी सकाळी सात वाजता मला फोन कर आणि आठपर्यंत सोडू नकोस, नाहीतर मी तिच्या मागे मागे जाईन. सुनांच्या तक्रारी सांग, काहीही सांग.

आणखी एक. जमणार नसेल तर सरळ ‘नाही’ म्हण, आता आमच्या घरात त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. पण इन्शिराह, म्हणू नकोस हं.