हात न टेकता

४ फेब्रुवारी १९८६
गावच्या शेतकरी सोसायटीची मीटिंग. चेअरमन नानासाहेब सतरंजीवरून उठताना जमिनीला हात टेकून उठले. संपलं. माझा अनुभव आहे, हात टेकून उठणारा म्हातारा वर्ष काढत नाही. गोरोबा असाच गेला, महारुद्रही. नानासाहेबांनंतर खुर्ची व्हाइस चेअरमनची, म्हणजे माझीच. मी त्यांच्याहून थोडाच लहान, पण एकदम फिट.

११ फेब्रुवारी
पारावर सगळ्यांना हा नियम समजावून सांगितला. नाव घेतलं नाही, नुसतं नानासाहेबांकडं बघितलं. लोक पोट धरून हसले. सेक्रेटरी ज्ञानोबा म्हणाला, श्रीपतराव, लई वंगाळ बोलता तुमी. शास्त्र आहे, त्याला मी काय करणार?

२ मार्च
उद्यापासून पहाटे उठाबशा.

३ मार्च
बसलो. उठायच्या वेळी बायको, पुतळाबाई, टँकरवर पाण्याला गेलेली. ती येईपर्यंत तसाच बसून प्राणायाम केला. तिनं हंडे उतरवले आणि मला उठवलं. फार धापा टाकत होती. तिचं काही खरं नाही.

१८ मार्च
मीटिंग. खांबाजवळ बसलो, तिथं वारा येतो. उठताना खांब धरला. खांब म्हणजे जमीन नव्हे. नानासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, बघा रं, म्या हात न टेकता उठतो. अर्धे उठले आणि आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं. जीपमधून सोलापूरला नेलं. मला वाईट वाटलं. जेवण मात्र बरं गेलं.

९ एप्रिल
नानासाहेब वारले. नियम सिद्ध. नवा सदरा इस्त्रीला दिला. पुतळाबाई रडत म्हणाली, तुमच्या बोलन्यानं गेला त्यो मानूस. बायकांना शास्त्र कळत नाही.

१५ एप्रिल, संध्याकाळ
आधी शोकसभा, मग चेअरमनची निवड. माझंच नाव ठरलेलं. खांबाची जागा सोसायटीतल्याच शिवप्पानं आधीच धरलेली, मला मधोमध बसावं लागलं. ज्ञानोबा म्हणाला, दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू. सगळे उठले. हात टेकला असता तर मीही उठलो असतो, पण सगळं गाव माझ्या हाताकडंच बघत होतं. नानासाहेबांचा मुलगा हिंमतराव म्हणाला, मेल्यावर बी वैर सोडंना का ह्यो? मी म्हणालो, व्हय, न्हाय उठत. तत्त्वाचा प्रश्न होता.

शिवप्पा चेअरमन झाला, एकमतानं. लोक माझ्याकडं न बघता निघून गेले. शिपाई सतरंजी गुंडाळत माझ्यापर्यंत आला आणि थांबला. मग पुतळाबाईला बोलावून आणलं. एका काखेत तिनं, दुसऱ्या काखेत त्यानं हात घालून मला उचललं. वाटेत ती म्हणाली, उठता येत न्हाय, एवढंच सांगायचं व्हतं की हो.

काही का असेना, मी जमिनीला हात टेकलेला नाही. नियम मला लागू होत नाही.